गोळी, नळी आणि साचा

सांगोल्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते मुख्यतः एका कराराच्या निमित्ताने. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव येथील किल्ला धरून बसले होते. इ. स. १७५० च्या सप्टेंबरात सदाशिवराव भाऊ रामराजांना बरोबर घेऊन त्यांच्यावर चालून आला, किल्ला त्याच्या हाती आला, आणि याच मुक्कामी झालेल्या कराराने राज्याचा कारभार छत्रपतींकडून पेशव्यांकडे गेला. भाऊचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. पुढे अर्धशतक हे गाव चांगले नांदत होते. 'सोन्याचे सांगोले' अशी त्याची ख्याती होती आणि १८०२ मध्ये होळकरांच्या पठाणांनी ते लुटले, असे सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे.

कराराची कलमे पुष्कळांनी वाचली आहेत. त्या दिवसांत असल्या एखाद्या किल्ल्याच्या तटावर जो बरकंदाज जामगी पेटवून बसलेला असे, त्याच्या पिशवीतील गोळी कोणत्या मापाची होती आणि ती कोणी ओतली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तलवारीला आम्ही पोवाडे दिले, घोड्यांची नावे लक्षात ठेवली, तोफांना तर देवीदेवतांप्रमाणे शेंदूर लावला. गोळी बिचारी एकदा सुटली की संपली. तिचे चरित्र लिहिणार कोण? परंतु राज्ये राहण्याजाण्याच्या कारणांत या सुपारीएवढ्या शिशाच्या तुकड्याचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून आजचा विषय.

प्रथम तोड्याची बंदूक कशी चाले ते पाहू. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर गोळी टाकावयाची, गजाने ठासावयाची, कानाशी थोडी रंजक ठेवावयाची आणि चाप ओढला की पेटता तोडा त्या रंजकेवर टेकावयाचा. नळी लोहाराने लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून केलेली. ती करणारा कारागीर कितीही कसबी असला तरी त्याच्या हातच्या दोन नळ्यांचे पोट तंतोतंत सारखे निघत नसे. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचाही असावा लागे. चिमट्यासारखी दोन पाकळ्यांची ही वस्तू. पाकळ्या मिटल्या की आत गोल पोकळी राही. वितळलेले शिसे तीत ओतले, निवले, पाकळ्या उघडल्या की गोळी तयार. वरचे शेपूट सुरीने कापून टाकीत. बंदूक घेणारा साचा घेतल्यावाचून जात नसे, जसे कुलूप घेणारा किल्ली घेतल्यावाचून जात नाही.

या पद्धतीत एक मोठा गुण होता आणि तितकाच मोठा दोष होता. गुण असा की, गोळी त्या एका नळीसाठी जन्मलेली असे. धनी जर काळजीचा असेल, साचा स्वच्छ राखीत असेल, शिसे नीट तापवीत असेल, दारू रोज त्याच शिंपल्याने मोजीत असेल, तर त्याची बंदूक त्याचा शब्द सहसा मोडीत नसे. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात इंग्रज पलटणींना याचा कडू अनुभव आला. पठाणांची लांब नळीची जेझैल बंदूक डोंगरावरून जेथे मारा करी, तेथे सरकारी मस्केटची गोळी पोचतच नसे. तेव्हा देशी बंदूक हलकी आणि विलायती ती भारी, ही जी समजूत आहे ती सरसकट खरी नव्हे.

दोष असा की, ही गोळी शेजाऱ्याच्या कामाची नसे. आपल्याकडे दशमान मापे येण्यापूर्वी गावोगावची पायली निराळी असे, हे जुन्या पिढीकडून आपण ऐकलेले आहे. स्वतःच्या गावात ती पायली अगदी खरी. शेजारच्या बाजारात नेली की तंटा उभा. बंदुकीचे तसेच होते. शंभर शिपायांच्या शंभर बंदुका आणि शंभर साचे. लढाईत एकाची पिशवी रिकामी झाली तर दुसऱ्याने दिलेली गोळी एक तर त्याच्या नळीत अडकणार, नाही तर पोकळ पोकळ बसून दारूचा जोर बाजूने निसटून जाणार. सारखेपणा होता, पण तो एका माणसापुरता होता, फौजेपुरता नव्हता.

विलायती मस्केटने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडविला. 'ब्राउन बेस' या इंग्रजी बंदुकीच्या नळीचे पोट पाऊण इंचाचे आणि गोळी .६९ इंचाची. म्हणजे गोळी मुद्दामच ढिली. प्रत्येक बाराबरोबर नळीत काजळी साचते; गोळी घट्ट असती तर दहाव्या बाराला ती ठासता ठासता शिपाई मारला गेला असता. ढिल्या गोळीने नेम गेला, शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसाला टिपण्याची आशाच सोडावी लागली. पण कोणतीही गोळी कोणत्याही बंदुकीत जाऊ लागली, आणि कसलेला शिपाई मिनिटास तीन बार काढू लागला. कागदाच्या पुडीत मोजलेली दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. पुडी दातांनी फोडावयाची आणि नळीत रिकामी करावयाची. हेच काडतूस. शब्द आपण पोर्तुगीजांपासून घेतला. वस्तूमागचा विचार मात्र फार उशिरा घेतला.

आमच्या लोकांस शस्त्राची निगाच ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू व बाण ठराविक दिवसांनी बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे, इतक्या बारकाव्याने लिहिलेले आहे. ज्या सह्याद्रीवर चार महिने धुके उतरत नाही, तेथे राज्य केलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. पण तो सगळा कटाक्ष दारू कोरडी राहावी यावर आहे. गोळीचे माप हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न राहिला. तोफगोळ्यांच्या बाबतीत सरकारला हात घालावाच लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत जुन्नर प्रांती आंबेगव्हाण येथे आणि पुण्याजवळ कात्रज येथे त्यासाठी कारखाने घातले गेले. तोफ सरकारची असल्यामुळे गोळाही सरकारचा झाला. बंदूक मात्र शिपायाची स्वतःची. ती घेऊनच तो चाकरीस येई. तेव्हा तिचा साचाही त्याच्याच खोगिराला लटकलेला राहिला.

सांगोल्यास आलेला तो तरुण भाऊ दहा वर्षांनी उदगीरवरून पानिपतावर गेला तेव्हा त्याने इब्राहिमखान गारद्याची कवायती पायदळाची तुकडी जवळ केली होती. जुन्या सरदारांना हे रुचले नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाचा दोष गोळीच्या मापावर ढकलण्याइतके आम्ही भाबडे नाही. उपासमार, थंडी, यात्रेकरूंचे लटांबर, रसदेचे तुटलेले मार्ग ही कारणे पुरेशी आहेत. एवढे मात्र म्हणता येते की, एका मापाच्या फौजेचे महत्त्व भाऊला कळले होते आणि ती फौज एकूण सैन्याचा लहानसा भाग होती. बाकीच्यांचे शौर्य ज्याचे त्याचे होते, तशी गोळीही ज्याची त्याची होती.

हे काम मराठी राज्यात खऱ्या अर्थाने कोणी केले असेल तर ते महादजी शिंद्यांनी. द बॉयन या सरदाराने १७८४-८५ च्या सुमारास त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभारण्यास आरंभ केला. पलटणी उभारणे सोपे. त्यांना खायला घालणे कठीण, आणि त्यांच्या बंदुकांना खायला घालणे त्याहून कठीण. त्यासाठी आग्र्यास शस्त्रांचा कारखाना निघाला. त्यावर सँगस्टर नावाचा एक स्कॉट गृहस्थ नेमलेला होता. तो तोफा ओतीत असे, आणि त्याच्या देखरेखीखाली तयार झालेली बंदूक दहा रुपयांस पडे, तरी ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असे तत्कालीन युरोपीय सांगतात. आम्हांस त्या दहा रुपयांहून अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, प्रथमच हजारो शिपायांच्या हाती एका घराण्याच्या नव्हे तर एका मापाच्या बंदुका आल्या. १७९० साली जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडते येथे राजपुतांच्या घोडदळाचे जे हल्ले फुटले, ते या पलटणींच्या सारख्या, न थांबणाऱ्या माऱ्यावर फुटले.

या कारखान्यात कसबी हात आपलेच होते. मापाची कांब मात्र परक्याच्या हातात होती. १८०३ च्या सप्टेंबरात अलिगड आणि ऑक्टोबरात आग्रा इंग्रजांच्या हाती गेले. गोरे अंमलदार एकामागून एक नोकरी सोडून निघून गेले. कारागीर तेथेच राहिले असतील, पण त्यांच्यापुढे नमुना धरणारा राहिला नाही. कारखाना जिंकला गेला की एक इमारत जाते. माप ठरविण्याचा अधिकार गेला की तो दुसरीकडे बांधता येत नाही. असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफेशेजारी प्राण दिले, त्याचे कौतुक शत्रूनेही केले. मराठी सत्तेला आग्र्यासारखा दुसरा कारखाना पुन्हा उभारता आला नाही, त्याचे दुःख मात्र आपणही पुरेसे केलेले नाही.

आता गोष्ट पन्नास वर्षे पुढे नेऊ. ढिल्या गोळीवर युरोपातले शास्त्रज्ञ समाधान मानून बसले नव्हते. नळीच्या आत स्क्रूप्रमाणे पिळाचे आटे पाडले तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते, हे ठाऊक होते. पण आटे धरावेत तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी ठासता येत नाही. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीने तोड काढली. नळी .५७७ इंचाची, गोळी .५६८ इंचाची, लांबट आणि बुडाशी पोकळ. ठासताना ती सरकून जाई आणि बार झाला की बूड फुगून आट्यांत बसे. या दोहोंमधील अंतर इंचाचे नऊ हजारांश. माणसाचा केस सुमारे तीन हजारांश इंच जाड असतो. म्हणजे तीन केसांची जागा. एवढ्या जागेतून काजळी धरलेल्या नळीत गोळी उतरावयाची तर वंगण पाहिजे. काडतुसाच्या कागदाला चरबी लागली ती या तीन केसांपायी.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली; २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे उभा राहिला; मेरठच्या पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले आणि १० मे रोजी वणवा पेटला. त्या उठावाची मुळे खोल होती. खालसा झालेली संस्थाने, बुडालेली वतने, दुखावलेला धर्म ही ती मुळे. ठिणगी मात्र मापाच्या प्रश्नातून पडली, हे विसरू नये. अचूक नेमाची किंमत शिपायाने आपल्या जातीधर्माने द्यावी, अशी ती मागणी होती आणि ती त्याला न विचारता केलेली होती. नंतर इंग्रजांनी त्याच गोळीचा व्यास .५५० इंचावर आणला. हिंदुस्थानच्या उन्हात काजळी वाळून कडक होते आणि घट्ट गोळी अडकते, हे त्यांस लढता लढता कळले. आधी कळले असते तर काय झाले असते, असले तर्क करण्यात अर्थ नाही. असो.

कागद गेला आणि पितळ आले. वूलिचच्या बॉक्सर या अधिकाऱ्याने १८६६ च्या सुमारास स्नायडर बंदुकीसाठी धातूचे काडतूस केले. बुडाशी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. पुण्याच्या तांबट आळीत पत्रा ठोकून ठोकून भांडे घडते, तेथून चार मैलांवर निराळीच रीत आली. पितळेची चकती साच्यातून दाबून वाटी करावयाची, ती भट्टीत मऊ करून अधिक अरुंद साच्यातून ओढावयाची, पुन्हा मऊ करावयाची, पुन्हा ओढावयाची, शेवटी तोंड आवळून सुरईसारखा आकार द्यावयाचा. तांबटाच्या भांड्यावर प्रत्येक ठोक्यात त्याचा हात दिसतो. येथे हात दिसता कामा नये, हीच अट. आजही कारखान्यांत या साच्याला डाय म्हणतात.

याच डायच्या निवडीत आमच्या जुन्या बरकंदाजाचा प्रश्न पुन्हा जिवंत झाला. अमेरिकेत व युरोपात पुष्कळ नेमबाज उडविलेले पितळ फेकून देत नाहीत. टोपी बदलून, दारू मोजून, नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरतात. बार होतो तेव्हा पितळ फुगून बंदुकीच्या घराला चिकटते, मग किंचित आखडते. म्हणजे एकदा उडविलेल्या काडतुसाने त्या एका बंदुकीच्या पोटाचा ठसा घेतलेला असतो. आता ते पुन्हा भरण्यापूर्वी कोणत्या डायमध्ये दाबावे? एक डाय सगळे अंग दाबून काडतूस मूळ मापावर आणते. असे काडतूस त्या जातीच्या कोणत्याही बंदुकीत जाईल. दुसरी डाय फक्त मान आवळते, अंग जसेच्या तसे ठेवते. हे काडतूस आपल्या बंदुकीत मापून शिवलेल्या अंगरख्यासारखे बसेल आणि दुसऱ्याच्या बंदुकीत कदाचित शिरणारही नाही. पहिली रीत पलटणीची आणि दुसरी खोगिराला साचा लटकविणाऱ्या स्वाराची!

नेमासाठी दुसरीच रीत श्रेष्ठ, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. पण नुसती मान आवळलेले पितळ चारसहा बारांनंतर इतके घट्ट होते की खिटी जोराने लावावी लागते, आणि जेथे जोर लागला तेथे बंदूक हलली. म्हणून आता अनेक कसलेले नेमबाज मधला मार्ग धरतात. सर्व अंग दाबणारीच डाय घ्यावयाची, पण ती आपल्या बंदुकीच्या मापाने अशी लावावयाची की काडतुसाचा खांदा एकदोन हजारांश इंचच मागे सरावा. काही डायमध्ये मानेसाठी बदलती कडी असते, म्हणजे पितळाच्या जाडीप्रमाणे पकड कमीजास्त करता येते. त्यानंतर गोळी बसविण्याची डाय निराळी; तिचे काम गोळी सरळ बसविणे. मानेत तिरपी बसलेली गोळी आट्यांत तिरपीच शिरते, मग बंदूक कितीही मोलाची असो. म्हणून जाणता माणूस महाग डाय कोणती हे प्रथम विचारीत नाही. भरलेले काडतूस फिरवून ते किती डगमगते हे तो मोजून पाहतो आणि मग डायबद्दल मत देतो.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही. याचे कारण आळस नव्हे, कायदा आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाची बंदूक परवान्याखाली गेली, हे आपण वाचतो. त्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने आरंभीच्या काळात ठरावही केले. पण त्या कायद्यातील व्याख्या फार थोड्यांनी पाहिली असेल. दारूगोळा या शब्दात त्यांनी दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही घातली आणि शिसे, गंधक व सोरा हे जिन्नस मात्र वगळले. कायदा लिहिणारा माणूस हुशार होता. कच्चा माल बाजारात राहिला तरी हरकत नाही. साचा हाती राहिला नाही की झाले, हे त्याला उमगले होते. गावोगाव बंदुका करणारे लोहार आणि त्या उजळणारे शिकलगार पुढे विळे-खुरप्यांकडे वळले त्यात नवल नाही.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनविण्याची यंत्रे आहेतच, आणि परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. आजच्या अशांत जगात तो असावा, असेच आमचे मत आहे. फरक इतकाच की, माप ठरविण्याचा अधिकार आता आपल्या घरी आहे. खडकीच्या जोडीला भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४ साली उभा राहिला, आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आले आहेत. तिचे मुख्य ठाणे पुण्यातच आहे.

मग आपल्या नेमबाजांनी काय करावे? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक आणले. या प्रकारातील काडतूस .२२ इंचाचे. त्याला निराळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोडा तो काठच चेपतो. एकदा चेपला की काडतूस संपले. ते कोणत्याही डायने पुन्हा भरता येत नाही. येथे साचा निवडण्याचा मार्गच बंद. तेव्हा नेमबाज निराळी निवड करतात. कारखान्यातून एकाच वेळी निघालेल्या काडतुसांच्या घाण्याला एक क्रमांक असतो. बंदुकीची नळी चापात घट्ट आवळून, माणसाचा हात न लागू देता, एकामागून एक घाण्यांचे बार काढून कागदावर पाहतात. कारखाना तोच, पेटीवरील नाव तेच, माप तेच. तरी एका घाण्याच्या दहा गोळ्या एका लहान छिद्रात जातात आणि दुसऱ्याच्या त्याच नळीतून विस्कटतात. शेजारच्या नेमबाजाच्या बंदुकीत नेमके उलटे होते. ज्या घाण्याशी आपली नळी जमली, त्याच्या पेट्या जितक्या मिळतील तितक्या विकत घेऊन ठेवतात.